दम घ्यायची जागा

ट्रॅकला कोणाची दया येत नाही. एकदा सुरू केला की तो आपल्या चालीने निघतो. गाणारा खोकला, ओळ विसरला, माइकमध्ये खरखर आली, तरी तो मागे वळून पाहत नाही. मी कित्येक वर्षं अशा ट्रॅकांच्या मागे कीबोर्ड घेऊन धावतो आहे आणि त्यांच्यावर चिडतोही आहे. माझा स्वभावच तसा. घरचे म्हणतात, याला घड्याळावरही राग येतो.

आधी आमच्याकडे माणसं होती. दिग्रसमध्ये आमचा एक लहानसा ऑर्केस्ट्रा होता. ढोलकी, बेंजो, पॅड, दोन गाणारे आणि कीबोर्डवर मी. लग्नसराईत सुपाऱ्या असायच्या, नवरात्रात देवीच्या मंडळांचे प्रोग्राम असायचे. मग ढोलकीवाला पुण्याला कंपनीत लागला, बेंजोवाल्याने पुसदला दुकान टाकलं, बाकीचेही एकेक करून पोटामागे गेले. उरलो मी आणि माझी बायको. ती गाणारी. बाकी सगळा ताफा लॅपटॉपमध्ये जाऊन बसला. ढोलकी, बासरी, व्हायोलिन, सगळं आधीच भरून ठेवलेल्या त्या ट्रॅकमधून वाजतं. ती गाते आणि मी तिच्यामागे उभा राहून कीबोर्डवर काहीबाही करतो. लोकांना वाटतं सगळं मीच वाजवतो आहे. मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

पण नुसतं उभं राहून हात हलवायची लाज वाटायला लागली, तेव्हा मी सिंथ, म्हणजे सिंथेसायझर घेतला. जुनाच, दुसऱ्याचा वापरलेला. त्यात आर्प नावाची एक गंमत होती. तीन बोटांनी तीन सूर दाबून धरायचे, की यंत्र ते सूर सुटे करून एकामागोमाग, खालून वर, वरून खाली, आपलं आपण वाजवत राहतं. बोटं उचलली की गप्प. आणि ‘होल्ड’ नावाचं बटण दाबलं, तर बोटं उचलली तरी ते थांबत नाही. पहिल्या दिवशी दुकान बंद करून मी त्याच्यापुढे बसलो तो जेवणाचंही भान राहिलं नाही. माझं दुकान विजेच्या सामानाचं आहे, त्यामुळे तारा, बटणं, दिवे यांचं मला आधीपासून वेड.

घरी ते फार गोड वाजायचं. प्रोग्राममध्ये मात्र नाकी नऊ आले. ट्रॅकची एक चाल आणि आर्पची दुसरी. मी ट्रॅकचा वेग शोधून तोच आकडा सिंथवर लावायचो. सुरुवातीला दोघं हातात हात घालून निघायचे आणि कडव्यापर्यंत येता येता आर्प पुढे पळालेला असायचा. आकड्यामागे बारीकसा दशांश असतो, तो मला दिसत नव्हता, पण कानाला बरोबर कळायचा. शिवाय माझं बोट जरा लवकर पडलं, तर सुरुवातच चुकायची. नेरला एका वाढदिवसाच्या प्रोग्राममध्ये असंच झालं. आमचा साउंडवाला, जो माझा शाळेपासूनचा मित्र आहे आणि तोंडाने फार वाईट आहे, तो मिक्सरवरून उठून माझ्या कानाशी आला.

“भाऊ, तुमच्या जोडीतला डावा बैल पुढं चालून राह्यला.”

एवढं बोलून तो परत जाऊन बसला. त्या दिवसापासून आमच्यात आर्पचं नाव डावा बैल पडलं. मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. नंतर विचार केला की माणूस खरं बोलतो आहे, तर रागवायचं कशाला.

उपाय अखेर एका वायरमध्ये निघाला. लॅपटॉपमधून सिंथला एक तार जोडली आणि सिंथच्या आत जाऊन घड्याळ ‘आतलं’ होतं ते ‘बाहेरचं’ केलं. म्हणजे आता सिंथ स्वतःच्या मनाने चालणार नाही. लॅपटॉप ठोके पाठवेल आणि हा त्या ठोक्यांवर पाऊल टाकेल. तरीही आर्प केसभर मागे ऐकू यायचा, मग लॅपटॉपमध्ये ट्रॅकलाच तेवढं मागे ढकललं. ज्या संध्याकाळी दोघं पहिल्यांदा अगदी एका धारेत वाजले, त्या संध्याकाळी मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणून ऐकवलं. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली की छान आहे, पण यात गाणारीला काय मिळालं? मला राग आला. एवढी मेहनत केली आणि हिला त्यात स्वतःसाठी काही दिसत नाही. तिचा प्रश्न बरोबर होता हे कळायला पुढे वर्ष जावं लागलं.

त्या वर्षात तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, जिवावरचं काही नव्हतं, याबद्दल मी आजही देवापुढे हात जोडतो. पण गळ्यातला आवाजाचा एक पडदा कमजोर झाला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं की बोलणं सुधारेल, आवाजही बराच परत येईल, मात्र गाताना हवा निसटत राहील. पूर्वी एका श्वासात ती जी ओळ गायची, ती आता अर्ध्यातच रिकामी होणार होती.

घरात कोणी गाण्याचा विषय काढेना. मी ट्रॅक वाजवणं बंद केलं. दुकानातला रेडिओसुद्धा ती आली की बारीक करायचो. ती मात्र कामाच्या नादात विसरायची. तूर निवडता निवडता गुणगुणायला लागायची, ओळ मध्यावर यायची आणि तिथे तुटायची. मग नुसता सुपाचा आवाज. मी बाहेरच्या खोलीत असायचो आणि ती ओळ माझ्या मनात पुढे जात राहायची. त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर त्या तुटलेल्या ओळींचा. तिने रडून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण ती रडणारी नाही.

संक्रांतीच्या आधी एका गावच्या बाया घरी आल्या. दिग्रसपासून जवळच हे गाव, शेजारी बंजारा समाजाचा तांडा. तिथल्या बचत गटाचं हळदीकुंकू दरवर्षी मोठं होतं, गावातल्या आणि तांड्यावरच्या बाया एकत्र येतात, आणि बरीच वर्षं तिथे माझ्या बायकोचं गाणं ठरलेलं. बायांना ऑपरेशनचं माहीत होतं. त्यांनी गाण्याचा शब्द काढला नाही, फक्त या म्हणाल्या. पण जाता जाता त्यांच्यातली एक म्हातारी, जी गावच्या महिला भजन मंडळाची पुढारी आहे, तिने बायकोच्या गळ्यावरचा व्रण पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि बाकीच्यांमागे निघाली.

त्या गेल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली.

“एकच गानं म्हनतो मी तिथं. जमलं तं जमलं. नाई जमलं, तं याच्यापुढं मले कोनी इचारायचं नाई. तुमी बी नाई.”

मी बरं म्हणालो. तिचा शब्द म्हणजे शब्द. एकदा नाही म्हणाली की मग कोणी कितीही डोकं आपटलं तरी ती हलत नाही. म्हणजे त्या एका गाण्यावर सगळं येऊन थांबलं होतं.

गाणं तिनेच निवडलं. माहेरच्या वाटेवरचं, बायांमध्ये चालत आलेलं, तिच्या आईकडून आलेलं. त्याचा ट्रॅक मी पूर्वी बनवलेला होताच. तीन सूर खाली उतरवला. तरी दुसऱ्या ओळीच्या शेवटी तिचा श्वास संपायचा, आणि ट्रॅक निर्लज्जासारखा पुढच्या ओळीवर जाऊन उभा. ती धडपडत मागून पोचायची, तोवर ती ओळही अर्धी गेलेली. माझ्या डोक्यात पहिला उपाय आला तो वेग कमी करण्याचा. मी मोठ्या उत्साहाने ट्रॅक संथ केला. तिने दोन ओळी गायल्या आणि माइक खाली ठेवला. म्हणाली, ओळ लांबली तर दम जास्त लागेल की कमी, याचा तरी विचार करायचा होता, आणि हे गाणं आहे की मयतीचं भजन. खरंच होतं. संथ ओळ म्हणजे लांब ओळ. इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

मग दोन-तीन दिवस आमचं घोडं तिथेच अडलं. तिला वेग तोच हवा, पण मध्ये थांबायला जागा हवी. आणि ती जागा दर वेळी सारखी नको. एखाद्या दिवशी तिचा श्वास लवकर भरायचा, एखाद्या दिवशी उशिरा. ठरावीक जागा सोडून ट्रॅक बनवला असता, तर पुन्हा तिलाच ट्रॅकच्या मागे धावावं लागलं असतं. उलटं करायला हवं होतं. ट्रॅकने तिच्यासाठी थांबायला हवं होतं.

एके सकाळी दुकान उघडता उघडता डोक्यात दिवा लागला. ट्रॅक अखंड कशाला ठेवायचा? मी त्याचे तुकडे केले. जिथे जिथे तिचा श्वास संपतो, तिथे तिथे कापला. तुकडा संपला की ढोलकी, बासरी सगळं थांबणार. त्या क्षणी मी सिंथवर सूर धरून होल्ड दाबणार आणि आर्प त्याच चालीत झुळझुळत राहणार. तिचा श्वास भरला की ती मान हलवणार, मी पायाने बटण दाबणार, आणि पुढचा तुकडा बरोबर समेवर सुरू होणार. हे बटण सिंथला जोडलेलं, त्याचा निरोप त्याच तारेतून लॅपटॉपला जाणार, आणि मी ते जरा आधी दाबलं तरी लॅपटॉप समेची वाट पाहणार. आर्पचं घड्याळ लॅपटॉपचंच असल्यामुळे सांधा कुठे कळणार नाही. एवढा त्रास करून शिकलेलं ते तार जोडणं असं कामाला आलं.

त्या दुपारी तिला ऐकवलं. ती ओळीच्या शेवटाला आली, श्वास संपला, ढोलकी थांबली आणि आर्प धावून आला. ती गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. मी हातानेच सांगितलं की थांब, घाई नाही. आर्प चालू. तिने नाकाने सावकाश श्वास घेतला, छाती भरली, मान हलवली. सम आली आणि ढोलकी परत आली. ती पुढची ओळ उचलून थेट शेवटपर्यंत गेली. गाणं संपल्यावर तिने सिंथकडे बोट दाखवलं.

“हे तं मामाजीची झील हाय,” ती म्हणाली.

मामाजी म्हणजे माझे वडील. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. आणि झील म्हणजे काय, हे ज्यांनी गावचं भजन ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भजनात पुढे एक जण गातो. त्याच्या मागे तीन-चार जण उभे असतात. पुढच्याची ओळ संपत आली की मागचे तिचं शेपूट उचलतात आणि लांब ओढून धरतात. तेवढ्यात पुढचा श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, घाम पुसतो. मागच्यांनी धरलेला तो सूर म्हणजे झील. माझे वडील जन्मभर झीलकरी होते. एका कानावर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहायचे. पहिली ओळ त्यांनी कधी गायली नाही. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही पुढे का उभे राहत नाही. ते हसले होते आणि म्हणाले होते की मी मागे आहे म्हणून तर पुढचा पुढे आहे. मला तेव्हा वाटलं, आपला बाप थापा मारतो आहे.

बायकोला ते आठवलं आणि मला आठवलं नाही, याचं मला फार नवल वाटलं. सून म्हणून आल्यावर तिने त्यांना दोन-चार वर्षंच ऐकलं असेल. मी पांढरी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर पेनाने ‘झील’ लिहिलं आणि होल्डच्या बटणाखाली चिकटवली. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी ते खोलीत आहेत असं वाटलं. मी त्यांचे कधी आभार मानले नव्हते. बापाचे आभार मानायची आपल्याकडे रीतच नाही. त्या पट्टीवर हात ठेवून मनातल्या मनात मानले.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी आम्ही पोचलो. पारासमोर मांडव, सतरंज्या, समोर बायाच बाया. तांड्यावरच्या बाया एका बाजूला घोळक्याने बसलेल्या, आपसात त्यांच्या गोर बोलीत काहीतरी चालू. साउंडवाल्याने स्पीकरचे डबे लावले, मी सिंथ, लॅपटॉप, तार, पायाचं बटण, सगळं जोडून दोनदा तपासलं. बायको एका कोपऱ्यात पाणी पीत बसली होती. तिच्याकडे पाहायचं मी टाळत होतो.

तेवढ्यात ती भजनवाली म्हातारी हातात करंडा घेऊन आली. बायकोला कुंकू लावलं, ओटी भरली. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं मला तीळगूळ देणार. पण तिने सिंथकडे बोट दाखवलं आणि यालाही लावू दे म्हणाली. वाजवायच्या वस्तूला आधी कुंकू लावायचं, ही त्यांच्या मंडळाची रीत. टाळ, मृदंग, पेटी, कशालाही न लावता ते बसत नाहीत. मी हो म्हणायच्या आधीच तिने सिंथच्या कपाळावर, म्हणजे पडद्याच्या बरोबर वर, हळदीकुंकवाची बोटं उमटवली. लॅपटॉपला लावलं. थोडं कुंकू पट्ट्यांच्या फटीत सांडलं. दुसरी वेळ असती तर माझं डोकं फिरलं असतं. त्या दिवशी मी लावू दिलं. जो कोणी देव पावेल तो मला हवा होता. वाण म्हणून तिने एक स्टीलची वाटी आणली होती, ती यंत्राचीही म्हणून सिंथच्या मागे कुठेतरी ठेवून दिली आणि आपल्या जागी जाऊन बसली.

बायको उभी राहिली. मांडव शांत झाला. मी पहिला तुकडा सोडला.

तिने पहिली ओळ घेतली. आवाज पूर्वीचा नव्हता. जरा घोगरा, कडांना हवा लागलेला. पण सूर जागच्या जागी होता. दुसऱ्या ओळीच्या शेवटी श्वास संपला, ढोलकी थांबली, आर्प धावला. तिने दम घेतला, मान हलवली, मी पाय दाबला, सम आली. साउंडवाल्याने मिक्सरवरून मला अंगठा दाखवला. माझा जीव भांड्यात पडला.

कडवं सुरू झालं. कडव्याच्या शेवटची ओळ सगळ्यात लांब, उंच चढणारी. ती तिथपर्यंत गेली, अगदी काठापर्यंत, आणि श्वास संपला. ढोलकी थांबली. मी सूर धरले, झीलचं बटण दाबलं.

काही वाजलं नाही.

मी परत दाबलं. नाही. पायाचं बटण दाबलं, पुढचा तुकडा येईना. मांडवात अशी शांतता झाली की पलीकडे बांधलेल्या बकरीचं ओरडणं ऐकू आलं. मी तिची पाठ पाहत होतो. तिचे खांदे वर आले, श्वास घ्यायचा म्हणून, आणि वाजत काहीच नाही हे कळून तसेच राहिले. तिचा डावा हात गळ्याकडे गेला. माइक हळूहळू खाली यायला लागला. संपलं, मी मनात म्हणालो. माझ्या यंत्रामुळे, माझ्या तारेमुळे, हिचं गाणं आज इथे संपलं.

आणि पहिल्या रांगेतून त्या म्हातारीने ओळीचं शेपूट उचललं.

ती उठली नाही, पुढे आली नाही. जागच्या जागी बसून, एका कानावर हात ठेवून, तिने शेवटचे दोन शब्द धरले आणि ओढले. तिच्या मागे भजनातल्या बाया आल्या. त्यांना यात विशेष काही वाटलंच नसावं. पुढच्या बाईचा दम संपला तर मागच्यांनी धरायचं असतं, ती त्यांची सवय आहे. त्यांना कुठे माहीत की इथे यंत्र बंद पडलं आहे. त्यांना वाटलं ही जागा आपल्यासाठीच सोडली आहे. तांड्यावरच्या बायांना शब्द नीट ठाऊक नव्हते, पण त्यांची होळीची गाणी अशीच एकीने टाकायची आणि बाकीच्यांनी झेलायची असतात. त्यांनी टाळ्यांवर ठेका धरला. सगळा मांडव तेच दोन शब्द फिरवून फिरवून म्हणायला लागला.

बायको तशीच उभी होती. म्हातारीने बाकीच्यांच्या हाती झील सोपवली, मान वर केली आणि तिला म्हणाली, “तू दम घे माय. आमी धरतो.”

मी पाहिलं, तिचे खांदे खाली आले. तिने घाई केली नाही. सावकाश, पोटापर्यंत श्वास घेतला. माइक परत वर गेला.

इकडे मी घामाघूम. सिंथचं घड्याळ बाहेरचं होतं. बाहेरून ठोके येत नव्हते म्हणून तो मुक्याने उभा होता. मी त्याच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि घड्याळ परत ‘आतलं’ केलं. त्यात एक बटण असतं, त्यावर बोटाने ठोके दिले की यंत्र त्या ठोक्यांची चाल धरतं. मी बायांच्या टाळ्या ऐकल्या आणि त्या टाळ्यांबरोबर बटणावर बोट मारत गेलो. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा जमलं. सूर धरले, झील दाबली, आणि आर्प टाळ्यांच्या पोटात अलगद जाऊन बसला. एका म्हातारीने उचलून धरलेल्या चालीवर माझं यंत्र चालायला लागलं.

बायकोने पुढचं कडवं उचललं. आता ढोलकी नव्हती, बासरी नव्हती. ओळ संपली की बाया धरत होत्या आणि ती दम घेत होती, कधी थोडा, कधी बराच. बायांची चाल ट्रॅकसारखी सरळ नसते. रंगात आल्या की वेग वाढतो, मध्येच एखादी हसली की उतरतो. मी दर दोन ओळींनी नवे ठोके देत होतो. डावा बैल त्या दिवशी माझ्या हाताखाली जितका निमूट चालला, तितका पूर्वी कधी चालला नव्हता. इतकी वर्षं मी माणसांना यंत्राच्या वेगाला बांधत होतो. त्या दुपारी यंत्राला माणसांच्या मागे चालवलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी वाजवतो आहे.

शेवटची ओळ तिने तीनदा घेतली. तिसऱ्यांदा ती स्वतः गायलीच नाही, माइक बायांकडे धरला आणि ऐकत उभी राहिली.

टाळ्या चालू होत्या तेवढ्यात मी खाली वाकून मागची तार पाहिली. सिंथ आणि स्टँडच्या मध्ये वाणाची ती स्टीलची वाटी बसली होती, अगदी घट्ट, आणि तिच्या कडेने माझी तार खोबणीतून बाहेर ढकलली होती. मी वाजवताना सिंथ हलत गेला आणि वाटी जरा जरा करून तार सरकवत गेली. क्षणभर जुना राग उसळला. कोणी सांगितलं होतं यंत्राला वाण द्यायला? मग माझं मलाच हसू आलं. जिने तार काढली होती तिनेच ओळ धरली होती, आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती शेजारणीला तीळगूळ देत बसली होती. मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तार जागेवर असती, तर माझी युक्ती जमली असती, लोकांनी वाहवा केली असती, आणि माझ्या बायकोला तिच्या मागे उभी असलेली इतकी माणसं कधी दिसली नसती. त्या वाटीचे उपकार मी विसरू शकत नाही. आमच्या घरात तिच्यातच तीळगूळ ठेवतात.

मी तार जोडून उभा राहिलो, तर बायको वळून माझ्याकडेच पाहत होती. कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं होतं. मी काही विचारणार नव्हतो. शब्द दिला होता ना, विचारायचं नाही म्हणून.

“पुढचं लावा,” ती म्हणाली.

मी म्हणालो की पुढचं काहीच आणलेलं नाही, एकाच गाण्याचे तुकडे केले होते, बाकीचे ट्रॅक जुन्याच पट्टीत आहेत.

“ट्रॅक कायले पाह्यजे?” तिने मांडवाकडे हात केला. “एवढ्या जनी बसल्या हायेत नं.”

तिने मला सूर सांगितला. मी जोडलेली तार पुन्हा काढली, बोटं पट्टीवर ठेवली आणि पहिल्या टाळीची वाट पाहत उभा राहिलो.